आजोबांची येझदी, सहा किलोमीटर खडी आणि भंगारवाला

ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललेलं जसंच्या तसं नाही, थोडं झाडून-पुसून. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच जो 'डुग-डुग-डुग' आवाज येतो तो इथे लिहिता येत नाही, त्याला इलाज नाही.

विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. खटाव तालुक्यातला एक मुलगा, कॉलेजात आहे, म्हणतो, "दादा, आमच्या गोठ्यात आजोबांची १९८४ ची येझदी उभी आहे. पप्पा म्हणतात, भंगारवाला दिवाळीआधी येईल, देऊन टाकू. मला ती चालू करून वापरायची आहे. पण घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सहा किलोमीटर नुसती खडी आणि मुरूम. एवढ्या जुन्या गाडीवर तिथे जाणं म्हणजे पडणंच आहे, असं सगळे म्हणतात. खरंय का?"

दिवाळीला फार दिवस नाहीत. म्हणून या वेळी पाहुणे नाहीत, गप्पा नाहीत, सरळ उत्तर. मी गेली पाच वर्षं मामाची येझदी चालवतोय, पुण्याहून फलटणमार्गे दहिवडीकडे आणि तिथून आत आमच्या वस्तीपर्यंत. शेवटचा तुकडा अगदी तुझ्यासारखाच आहे. तर ऐक.

आधी गाडी काय आहे ते समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची कंपनी. म्हैसूरला आयडियल जावा नावाच्या कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिच्या गाड्या बनायला लागल्या. १९७३ पासून त्याच घराण्याच्या गाड्या येझदी नावाने आल्या आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी नावाने परत आलेल्या गाड्या दिसायला भारी असतील, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. तुझ्या गोठ्यातली टू-स्ट्रोक आहे. नाव एक, स्वभाव वेगळा. यूट्यूबवर नव्या येझदीचे 'ऑफरोड टिप्स' बघून जुन्या येझदीवर बसू नकोस, एवढंच सांगतो.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, तर या इंजिनाला स्वतःची वेगळी तेलाची टाकी नाही, ऑइल पंप नाही. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं, आणि तेच पेट्रोल आत जाताना क्रँकच्या बेअरिंगांना, पिस्टनला तेल पाजत जातं. आजच्या चांगल्या टू-टी ऑइलला लिटरमागे साधारण ३० ते ४० मिली. पंपावर आधी ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे धार पडता पडता ते मिसळतं, आणि मग गाडी दोन्ही बाजूंना हलवायची. पंपावरची माणसं बघत राहतात. बघू देत.

आता यातून एक गोष्ट निघते जी मला कुठल्याच रीलमध्ये सापडली नाही. फलटणच्या मिस्त्रींनी सांगितली. पासष्टीचे आहेत, आयुष्यभर याच गाड्या. मामाची गाडी उघडून बसले होते, पिस्टन हातात फिरवत मला म्हणाले, "घाटातनं उतरताना अॅक्सिलेटर सोडून देतोस का रं?"

मी म्हटलं, "हो काका, ब्रेक मारत उतरतो. उताराला रेस कशाला द्यायची?"

"मंग त्येला तेल कोण पाजणार? तू?"

गणित साधं आहे. अॅक्सिलेटर पूर्ण बंद, म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद. पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद. पण उतारामुळे चाक फिरतंय, चाकामुळे इंजिन फिरतंय, तेही जोरात. म्हणजे कोरडं इंजिन पळतंय. फोर-स्ट्रोकमध्ये हा प्रश्न नाही, तिथे तेल वेगळं फिरत असतं. इथे मिस्त्रींचा उपाय असा, की लांब उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक हलकी रेस मारायची. "म्हाताऱ्या माणसाला चढावर नाय, उताराला सांभाळावं लागतं," असं ते म्हणाले आणि पुन्हा पिस्टनकडे वळले.

आणि तेल कमी पडलं तर काय होतं? पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. आपल्याकडे 'जाम झाली' किंवा 'सीझ झाली' म्हणतात. इंजिन अडकलं की चेनमधून मागचं चाकही अडकतं. डांबरावर ते वाईट, खडीवर त्याहून वाईट, कारण अडकलेलं चाक खडीवर बाजूला सरकायला कारणच शोधत असतं. पण बऱ्याचदा ते एकदम अचानक होत नाही. आधी आवाज आवळतो, गाडी ओढायची बंद होते, कुणी मागून ब्रेक दाबून धरल्यासारखं वाटतं. त्या क्षणी क्लच आवळायचा, विचार नंतर. म्हणून डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. कायम म्हणजे कायम, फोटो काढून घेतानासुद्धा.

यात अलीकडे एक नवीन भानगड आली आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८४ च्या गाडीच्या रबरी पायपा आणि कार्बोरेटरची वॉशरं त्यासाठी बनलेली नाहीत, ती फुगतात, चिकट होतात. त्या बदलायच्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. खरा धोका वेगळा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिना-दोन महिने गाडी उभी राहिली, पावसाळा असला, की टाकीच्या तळाशी इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर साचू शकतो. त्या थरात तुझं टू-टी ऑइल जवळजवळ नसतंच, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. आणि पेट्रोलचा कॉक कुठे असतो? टाकीच्या तळाला. म्हणजे पहिली किक मारल्यावर इंजिनाच्या वाट्याला नेमका बिनतेलाचा थर. गोठ्यातली गाडी बाहेर काढलीस की टाकीतलं जे काही असेल ते ओतून टाक, मग बाकीचं बोलू. पुढेही लागेल तेवढंच पेट्रोल भर, आणि गाडी लावली की कॉक बंद.

शिवाय इथेनॉलवाल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आधीपेक्षा पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक जास्त तापते. मिस्त्रीला जेट एक नंबर मोठा टाकायचा का ते विचार आणि प्लगचा रंग बघायला शिक. चहासारखा तपकिरी ठीक. पांढरट दिसला तर गाडी तशी चालवू नकोस.

बरं, आता रस्ता.

'खडीचा रस्ता' असं आपण एका शब्दात म्हणतो, पण चाकाखाली ते तीन-चार वेगवेगळे रस्ते असतात. दाबलेला मुरूम कोरडा असेल तर जवळजवळ डांबर, मजा येते. तोच मुरूम पहिल्या पावसानंतर साबण. जुनं खडीकरण, ज्यातली बारीक माती वाहून गेली आणि दगडांची डोकी वर आली, ते गाडीला आणि कंबरेला त्रास देतं पण पाडत नाही. पाडते ती नवी पसरलेली, रोलर न फिरलेली सुटी खडी. ग्रामपंचायतीचं काम निघालं, ट्रॉल्या रिकाम्या झाल्या, आणि रोलर 'उद्या' येणार आहे. तो उद्या कधी कधी तीन महिन्यांनी उगवतो. त्या तुकड्यावर चाक रस्त्याला टेकलेलंच नसतं, ते गोट्यांवर तरंगत असतं.

माझ्या बीटेकच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्समधलं एकच सूत्र मी आजवर खऱ्या आयुष्यात वापरलंय, ते इथे. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गावर चालतं. कोरड्या डांबराची पकड ०.७ धरली आणि सुट्या खडीची निम्मी, ०.३५, तर ताशी ४० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून डांबरावर सुमारे ९ मीटर लागतात, खडीवर १८. ताशी ६० ला खडीवर ४० मीटर. त्यात आपल्याला कळून हात हलेपर्यंतचा एक सेकंद मिळव. ४० च्या वेगात तो ११ मीटर खातो, ६० ला जवळजवळ १७. म्हणजे खडीवर ६० ने जाताना शेळी आडवी आली तर तू साधारण ५७ मीटर पुढे जाऊन थांबशील. शेळी एवढं थांबणार नाही, आणि आपल्याकडच्या वळणांवर ५७ मीटर पुढचं दिसतही नाही. हाच हिशोब ताशी ३० ला केला तर १८ मीटर येतो. आणि हे सगळं ब्रेक उत्तम आहेत असं धरून. तुझ्या गाडीला दोन्हीकडे ड्रम आहेत, एबीएस नाही, आणि ओढा ओलांडला की आत पाणी जाऊन थोडा वेळ ब्रेक नुसते नावाला राहतात. ओढ्याच्या पलीकडे हळू चालवत ब्रेक हलके दाबून वाळवून घ्यायचे.

पुढचा ब्रेक खडीवर वापरूच नये असं गावाकडे सगळे सांगतात. मला हे पटत नाही. थांबवायचं जास्त काम पुढचं चाकच करतं, तो सोडलास तर वरचे आकडे आणखी लांबतात. वापरायचा, पण गाडी सरळ असताना, आणि लिंबू पिळल्यासारखा, हळूहळू. वळणात, गाडी कलली असताना मात्र हात लावायचा नाही. वळणाच्या आधी वेग संपवायचा, वळणात फक्त अॅक्सिलेटर स्थिर धरायचा. टू-स्ट्रोकला इंजिनाचा रोध फार कमी असतो, गिअर खाली टाकला की बुलेटसारखी ती आपोआप आवळली जात नाही. त्यामुळे सगळी तयारी अलीकडून.

आता एक गंमत. मोटिव्हेशनल भाषणांत आपल्याला सांगतात, चाकोरीबाहेर जा. चाकोरी हा मुळात गाडीच्या चाकाने पाडलेला चर. खडीच्या रस्त्यावर माझा सल्ला बरोब्बर उलटा आहे, चाकोरीतच राहा. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन पट्टे दाबून घट्ट केलेले असतात आणि मधे, कडेला सुट्या खडीचे उंचवटे असतात. एक पट्टा धर आणि त्यात राहा. बदलायचाच असेल तर वेग कमी करून, उंचवटा जमेल तितका आडवा कापायचा. तिरकं तिरकं चढायला गेलास की पुढचं चाक कडेने घसरत चाकोरीत परत येतं, पण तोवर तू दुसरीकडे गेलेला असतोस.

काही ठिकाणी रस्त्यावर पत्र्यासारख्या लाटा दिसतील. लोक म्हणतात, कंत्राटदाराने नीट केलं नाही. कधी कधी तो बिचारा निर्दोष असतो. सुट्या मातीवरून ठराविक वेगाच्या वर चाकं जात राहिली की अशा लाटा आपोआप तयार होतात. चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथे खळगा पडतो, पुढचं चाक त्यात आपटतं, की लाट. मोठ्या गाड्या या लाटांवरून वेगात उडत जातात आणि त्यांना त्रास वाटत नाही. आपण तसं करायचं नाही, कारण त्या वेगात आपलं चाक निम्मा वेळ हवेत असतं. कडेला लाटा कमी असतात, तिथून हळू जायचं.

हँडल. नवीन माणूस खडीवर आला की पहिलं काय करतो, हँडल आवळतो. पुढचं चाक खडीवर इकडे-तिकडे हलणारच. पुढचा फोर्क तिरका असतो तो त्यासाठीच, चाक आपोआप सरळ यायला बघतं. तू हातांनी दाबून धरलंस की त्याची प्रत्येक हालचाल पूर्ण गाडीत जाते आणि वर तुझी चूक दिशेची ताकद मिळते. हात सैल, कोपरं वाकलेली, गुडघ्यांनी टाकी धरलेली, नजर पंधरा-वीस मीटर पुढे. चाकासमोरच्या दगडाकडे बघितलंस तर त्याच दगडावर जाशील, हे अनुभवाने नाही तर हमखास.

खळगे आले की थोडं उभं राहायचं, म्हणजे गाडी खाली हलते आणि शरीर वर शांत राहतं. आणि इथे येझदीची एक खास खोड आहे, ती माहीत असायलाच हवी. किकर आणि गिअरचा लिव्हर एकच आहे, डाव्या बाजूला. किक मारून झाली की तोच लिव्हर फिरवून गिअरचा होतो. आणि या गाडीत अर्धा आपोआप चालणारा क्लच आहे, गिअरचा लिव्हर दाबायला लागलं की हात न लावता क्लच सुटायला लागतो. शहरात ही सोय आहे. खडीवर, फूटरेस्टवर उभं असताना बुटाचा पंजा लिव्हरवर टेकला, की क्लच अर्धवट सुटतो, चढावर ओढ जाते आणि प्लेटा जळतात. 'गाडीत दम नाही' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा पाय लिव्हरवर असतो, असं मिस्त्रींचं मत आहे. डावा पंजा मागे, टाच फूटरेस्टवर.

धूळ. येझदीची चेन पूर्ण झाकलेली आहे, ही त्या काळच्या डिझाइनरची आपल्यावर मेहेरबानी. पण इंजिनात जाणारी हवा क्रँककेसमधून जाते, म्हणजे फिल्टरमधून निसटलेली धूळ थेट बेअरिंगांवर. तुझ्या सहा किलोमीटरवर रोज ये-जा असेल तर फिल्टर पंधरा दिवसांनी उघडून बघ. एसटीच्या मागे धुरळ्यात लटकत राहू नकोस, थांब, दोन मिनिटं जाऊ दे. हेल्मेट तोंड झाकणारंच, समोरच्या टायरखालून उडालेली खडी गोफणीसारखी येते.

टायरची हवा थोडी कमी ठेवावी असं म्हणतात. थोडी म्हणजे दोन-तीन पीएसआय. यापेक्षा कमी केलीस तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेपून फुटेल, आणि माणदेशात पंक्चरचं दुकान हवं तिथे नसतं. स्पोकवर अधूनमधून पान्ह्याने टकटक करून ऐक. सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत, जो 'थप्प' वाजतो तो सैल आहे. सोबत दोन प्लग, प्लग पाना, क्लच आणि अॅक्सिलेटरची एकेक केबल, टू-टी ऑइलची छोटी बाटली, तार, चिकटपट्टी. क्लच केबल सगळ्यात महत्त्वाची, कारण का ते वर सांगितलंय.

मेंढरांचा कळप आला तर हॉर्न नाही, रेस नाही. बाजूला घे, बंद कर, जाऊ दे. टू-स्ट्रोकच्या आवाजाने एक मेंढरू उधळलं की सगळी उधळतात. मेंढपाळ काही बोलला नाही तरी आपल्याला कळतं.

आता तुझ्या पप्पांचा मुद्दा, कारण तो निव्वळ खडीचा नसणार. कागद. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते, त्याचा आरटीओचा नमुना ३१. नोंदणी १५ वर्षांनी संपलेली असणार, तिचं नूतनीकरण नमुना २५ वर, गाडी तपासणीला न्यावी लागते, दंड आणि पर्यावरण कर भरावा लागतो, आणि मग दर पाच वर्षांनी पुन्हा. विमाही हवा, निदान थर्ड पार्टी. आरसी बुक सापडतंय का ते आजच शोध, आजीच्या ट्रंकेत बघ. इंजिन आणि चासीचा नंबर त्यातल्या नंबरशी जुळतोय का बघ. आरसीच नसेल आणि नंबरही जुळत नसेल तर मी तुला खोटी आशा लावणार नाही, प्रकरण फार लांबेल.

आणि कुणी सांगितलं की 'व्हिंटेजमध्ये नोंदव, सोपं जातं', तर ऐकू नकोस. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडीच व्हिंटेज. तुझी १९८४ ची, सरकारच्या लेखी अजून तरणी आहे. शिवाय नव्या व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणताच येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुला कॉलेजला जायचंय.

तर पप्पांना सांग, भंगारवाल्याला एक महिना थांबवा. त्या महिन्यात टाकी रिकामी करून धुवून घे, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोड, रात्रभर ठेव, आणि सकाळी किकर हाताने हळूच फिरवून बघ. जोर लावायचा नाही. फिरला तर मिस्त्रीकडे ने, टेम्पोत घालून, चालवत नाही. नाही फिरला तरी लगेच घाबरू नकोस, मिस्त्री सिलिंडर काढून बघेल, बोर करून पिस्टन बदलता येतो. पहिले पंधरा दिवस डांबरावरच, मग मुरूम, मग खडी, आणि पहिले काही महिने मागे कुणाला बसवू नकोस, आजीला तर नाहीच, ती हट्ट करेल तरी. दिवेलागणीच्या आत घरी. त्या काळातल्या बऱ्याच येझदींची वायरिंग सहा व्होल्टची, हेडलाइट म्हणजे समईचा उजेड, त्यात खड्डा दिसत नाही, नुसता असल्याचा भास होतो.

किकर फिरला की नाही ते व्हॉइस नोटवर कळव. बाकीच्यांनी, ज्यांच्या घरी राजदूत किंवा आरएक्स शंभर उभी आहे, त्यांनी प्रश्न पाठवा. पुढच्या भागात पॉइंट साफ कसे करायचे आणि गॅप कशी लावायची, तेही नुसतं ऐकून कळेल असं सांगायचा प्रयत्न करतो.